ओपेथचा संग्रह आणि कोकणची हवा: काय घ्यावं, कसं टिकवावं

स्टॉकहोमच्या ओपेथ या मेटल बँडचे स्टुडिओ अल्बम १४ आहेत. पहिला ‘ऑर्किड’ १९९५ चा, चौदावा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ २०२४ चा. हे सगळे घरात असावेत असं वाटत असेल तर घाटावर पैसे आणि जागा एवढं पुरतं. गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे कोरडेपणा. पावसाळ्यात इथली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते आणि बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. त्यात खारं वारं. तारांच्या जोडण्या, लेन्स, पुठ्ठा, कागद, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून आमचा सल्ला असा: किनाऱ्यावर राहत असाल तर आधी सीडी घ्या आणि एलपी मोजक्याच ठेवा. सीडी आली की आठवड्याभरात तिच्यातलं संगीत संगणकात फाइल म्हणून उतरवून घ्या. रोज ऐकायची ती फाइल, आणि सीडी मूळ प्रत म्हणून कोरड्या डब्यात.

यामागे हवेइतकंच बँडच्या रचनेचंही कारण आहे. ‘मॉर्निंगराइज’ (१९९६) मध्ये गाणी पाच आणि लांबी सुमारे ६६ मिनिटं. त्यातलं ‘ब्लॅक रोझ इम्मॉर्टल’ एकटंच २० मिनिटांच्या वर जातं. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) आणि ‘गोस्ट रेव्हरीज’ (२००५) हेही तासाच्या पुढचे. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे यातला प्रत्येक अल्बम एका दमात ऐकता येतो. एलपीच्या एका बाजूवर २०-२२ मिनिटांच्या पुढे गेलं की खोबण्या दाटीने कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि बास पातळ होतो. म्हणून हे अल्बम दोन तबकड्यांवर, चार बाजूंत येतात. ऐकताना तीनदा उठा, बाजू पालटा, दर वेळी ओलसर हातांचा आणि हवेचा स्पर्श होऊ द्या. पावसाळ्यात हे टाळलेलंच बरं.

एलपी घ्यायचीच असेल तर ‘डॅम्नेशन’पासून (२००३) सुरुवात करा. लांबी सुमारे ४३ मिनिटं, म्हणजे एकाच तबकडीवर नीट बसतो. त्यात गुरगुरता आवाज अजिबात नाही, मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं जुनं कळांचं वाद्य) आणि स्वच्छ गिटार आहे. मात्र ‘डिलिव्हरन्स’सारख्या (२००२) दणदणीत अल्बममध्ये जी खरखर दबून जाते, तीच ‘डॅम्नेशन’च्या शांत जागांत ठळक ऐकू येते. तेव्हा ही एलपी घेतली तर धुण्यात हयगय चालणार नाही. दुसरी ‘हेरिटेज’ (२०११). सत्तरच्या दशकातल्या रॉकचा जुना, उबदार आवाज त्यात मुद्दाम धरलेला आहे आणि तो तबकडीवर शोभतो.

कुठली आवृत्ती घ्यावी

एकच अल्बम दुकानात तीन-तीन रूपांत दिसतो. कारण बँडने कंपन्या बदलल्या आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने पुन्हा छापलं. पहिले तीन अल्बम कँडललाइटचे, ‘स्टिल लाइफ’ (१९९९) पीसव्हिलचा, पुढचे तीन म्युझिक फॉर नेशन्सचे, ‘गोस्ट रेव्हरीज’ ते ‘पेल कम्युनियन’ (२०१४) हे चार रोडरनरचे, ‘सॉर्सरेस’ (२०१६) आणि ‘इन कॉडा व्हेनेनम’ (२०१९) न्यूक्लिअर ब्लास्टकडून बँडच्या स्वतःच्या मोदरबोलागेत या नावाखाली, आणि शेवटचा रेनिंग फीनिक्सचा.

पहिल्या तिन्हींच्या नंतरच्या छपाईत जादा गाणी आहेत. ‘माय आर्म्स, युअर हर्स’च्या (१९९८) पुनर्मुद्रणात सेल्टिक फ्रॉस्ट आणि आयर्न मेडन या बँडांची एकेक रचना ओपेथने वाजवलेली सापडते. संग्रहाच्या दृष्टीने ती हवी. ऐकताना मात्र मूळ नऊ गाणी संपल्यावर थांबा. हा सलग कथा सांगणारा अल्बम आहे, एका गाण्याचा शेवटचा शब्द म्हणजे पुढच्या गाण्याचं नाव, आणि जादा गाणी त्या साखळीबाहेरची आहेत.

‘डिलिव्हरन्स’ आणि ‘डॅम्नेशन’ यांची निवड जरा विचाराने करा. दोन्ही एकाच काळात ध्वनिमुद्रित झाले, ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या साथीने. मूळ ‘डिलिव्हरन्स’चं मिक्सिंग अँडी स्नीपचं. २०१५ मध्ये दोन्ही एकत्र निघाले तेव्हा ‘डिलिव्हरन्स’ ब्रूस सूर्डने आणि ‘डॅम्नेशन’ विल्सनने नव्याने मिक्स केला, सोबत ५.१ (चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या) आवाजाच्या डीव्हीडी दिल्या. नव्या मिक्समध्ये वाद्यं सुटी-सुटी ऐकू येतात, जुन्यात दाटपणा आहे. एकच घ्यायचा असेल तर २०१५ चा घ्या, त्यात दोन्ही अल्बम येतात आणि कपाटातली जागा वाचते.

‘इन कॉडा व्हेनेनम’ स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. संगीत तेच, गायन वेगळं. दोन्ही असलेला दोन सीडींचा संच मिळाला तर तो घ्या, आणि आधी स्वीडिश ऐका. गायक मिकाएल ओकरफेल्टचा आवाज त्यात अधिक मोकळा लागतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं हवी असतील तर ‘लॅमेंटेशन्स’ आणि २०१० ची रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल या दोन पुरेशा आहेत. पहिल्यात ‘डॅम्नेशन’ पूर्ण वाजवलेला आहे, दुसरीत ‘ब्लॅकवॉटर पार्क’.

विकत घेताना

जुनी सीडी घेताना ती उलटी करून बघा. कारखान्यात छापलेल्या सीडीचा खालचा भाग चंदेरी असतो. हिरवट-निळा किंवा जांभळट झाक दिसली तर ती घरी कॉपी केलेली आहे. मधल्या भोकाभोवती आरशासारखी कडी असते, तिच्यावर कोरलेला क्रमांक डिस्कॉग्ज या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून घ्या. मग सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर खराब व्हायला लागलेला असू शकतो. एखाद-दुसऱ्या ठिपक्याने अडत नाही, पण कडेकडून पिवळट किंवा तपकिरी छटा आत सरकत असेल तर सोडून द्या.

जुन्या एलपीबाबत विक्रेत्याकडून आडव्या उजेडात काढलेला फोटो मागा. समोरून फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बुरशी दिसतच नाही. ‘स्टिल लाइफ’पासूनची मुखपृष्ठं ट्रॅव्हिस स्मिथची आणि बहुतेक काळपट आहेत. गडद छपाईवर पांढरट बुरा आणि कडांची घासण लगेच उठून दिसते, म्हणून कव्हराचे चारही कोपरे वेगळे बघा.

पार्सल मागवायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पत्र्याच्या टपाच्या गाडीत तापलेली एलपी वाकते, आणि एकदा वाकलेली तबकडी घरी सरळ करायच्या खटपटीत खोबण्या बिघडायचाच संभव जास्त. जुलैत पार्सल ओलं होतं. पावसाळ्यातच मागवावं लागलं तर बाहेरून प्लॅस्टिकचं वेष्टन आणि तबकडी कव्हराबाहेर वेगळ्या पाकिटात घालून पाठवायला सांगा, म्हणजे प्रवासात कव्हराची शिवण फाटत नाही. नव्या एलपीवरचं घट्ट पारदर्शक वेष्टन घरी आल्या आल्या कापून काढा. ते राहिलं की आतली ओल आतच अडकते, आणि आवळलं गेलं तर तबकडी वाकते.

घरात जागा कुठली

चिऱ्याच्या घरात भिंतीतलं फडताळ सोयीचं दिसतं, पण संग्रहासाठी तीच सगळ्यात वाईट जागा. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि ती ओल आत सोडत राहतो. फडताळाला तीन बाजूंनी हीच भिंत असते. माळाही नको, मे महिन्यात कौलांखाली आणि त्याहून जास्त पत्र्याखाली एलपीला सोसणार नाही इतकी उष्णता साठते. पडवीत आडवा पाऊस आणि खारं वारं. राहिलं माजघर, किंवा घरातली जी खोली पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीपासून लांब आहे ती. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. ती फट हवेसाठी आहेच, शिवाय वाळवीची मातकट रेघ कपाटाच्या पायावर चढायला लागली तर ती वेळेत दिसते. एलपीचं कव्हर म्हणजे पुठ्ठा, आणि वाळवी आठवड्याभरात अर्धं खाते.

कसर आणि झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या टाकायची सवय घरोघरी असते. संग्रहात त्या टाकू नका. सीडीची पारदर्शक कडक डबी पॉलिस्टायरिनची असते आणि नॅप्थलीनच्या वाफेने ती मऊ, चिकट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात कीड शिरतच नाही, तेवढं पुरेसं आहे. देवघराच्या किंवा चुलीच्या खोलीतही हे सामान नको. उदबत्तीचा आणि लाकडाचा धूर चिकट थर ठेवतो आणि बुरशीला तो पोसतो.

कोरडा डबा

या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

एलपीसाठी पॉलिप्रॉपिलीनचा, झाकणाला रबरी पट्टी आणि कडेला क्लिप असलेला, ४५ ते ५० लिटरचा डबा घ्या. आतली उंची आणि रुंदी किमान ३३ सेंटिमीटर हवी, कारण कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटरचं असतं. एक डबल एलपी ४५० ते ५५० ग्रॅम भरते. अशा २० ठेवल्या की १० किलोच्या आसपास वजन होतं, म्हणून कडी नाजूक असलेला डबा नको. तबकड्या उभ्या ठेवायच्या, तिरक्या नाहीत आणि एकावर एक आडव्या तर मुळीच नाहीत. फार कोंबूही नका. एक कव्हर वर ओढताना शेजारचं सोबत येत असेल तर एखाद-दोन काढून घ्या.

तळाशी जाळीच्या पिशवीत नारिंगी रंगाचं सिलिका जेल ठेवा, एका डब्याला ५०० ग्रॅम. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या चिमूटभर पुड्यांनी इथे काहीच होत नाही. त्याचं गणित असं आहे: ५० लिटरच्या डब्यातल्या हवेत, ती पूर्ण दमट असली तरी, पाणी असतं जेमतेम दीड ग्रॅम. पण २० डबल एलपींची कव्हरं आणि आतली पाकिटं मिळून साधारण ३ किलो कागद होतो, आणि ८० टक्के आर्द्रतेत मुरलेला हा कागद ५० टक्क्यांवर येईपर्यंत १०० ते १५० ग्रॅम पाणी सोडतो. ५०० ग्रॅम सिलिका जेल तितकंच पाणी घेऊ शकतं, म्हणजे एका फेरीत ते संपतं. पावसाळ्यात डबा भरला तर जेल चार-पाच दिवसांत रंग बदलतं आणि लोकांना वाटतं की जेल खराब होतं. जेल खराब नसतं, कागद ओला असतो.

म्हणून डबा भरायचा जानेवारी-फेब्रुवारीत. सकाळचं दव गेल्यावर, जमिनीवरून येणारं मतलई वारं असताना आणि खारं वारं सुरू व्हायच्या आधी, साधारण १० ते १२ च्या दरम्यान हवा सगळ्यात कोरडी मिळते. कव्हरं सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात उघडी ठेवा, उन्हात नाही. मग डब्यात ताजं जेल घालून झाकण लावा. दोन दिवसांनी जेल बघा, रंग गेला असेल तर दुसरी फेरी करा. त्यानंतर एका भरण्यात पावसाळ्याचा बराच भाग निघतो, आणि अधूनमधून झाकण उघडून एखादी एलपी काढल्याने फारसं बिघडत नाही.

आत आर्द्रतामापक हवाच. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल चालतो, पण तो आधी तपासून घ्या, कारण स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी थेंबाथेंबाने घाला, आणि ते झाकण व मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे, आणि हा फरक त्याच्या पाठीवर लिहून ठेवायचा. डब्यात ४५ ते ५५ टक्के राखा. ६० च्या वर गेलं की जेल बदला. ४० च्या खाली गेलं तर थोडं जेल काढून घ्या, फार कोरड्या पुठ्ठ्याच्या घड्या तडकतात.

रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाचं होतं. ओव्हन नसेल तर जुन्या लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, पूर्वीचा रंग येईपर्यंत भाजा. ती कढई नंतर स्वयंपाकात वापरू नका. आच मोठी केली तर दाणे तडकतात आणि पाणी धरायची त्यांची ताकद कमी होते. गरम जेल बरणीत भरून झाकण लावा, निवल्यावरच डब्यात घाला.

कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती कपड्यांना बरी. एलपीला एका बाजूने ऊब लागून ती वाकू शकते, आणि वीज गेली की ओल परत येते.

एसी असलेल्या खोलीत संग्रह असेल तर थंडगार तबकडी किंवा सीडी एकदम दमट ओटीवर आणू नका, तिच्यावर दव धरतं. पाकिटातच ठेवून अर्धा तास थांबा, मग काढा.

तबकडी कागदी पाकिटात न ठेवता आतून पॉलिथिनचं अस्तर असलेल्या पाकिटात ठेवा. छापील मूळ पाकीट कव्हरातच राहू द्या. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिनचं, तोंड उघडं. जाड, वास येणारं मऊ पीव्हीसीचं आवरण टाळा. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने तबकडीवर धुकट थर बसतो, आणि तो धुऊन जात नाही.

एलपी धुणं आणि बुरशी काढणं

तबकडी पीव्हीसीची असते आणि बुरशी ते खात नाही. ती धुळीवर, कागदाच्या तंतूंवर आणि बोटांच्या तेलकटपणावर वाढते. त्यामुळे बोटाचा ठसा जिथे, तिथेच ती आधी धरते. तबकडी कडेने आणि मधल्या लेबलने धरायची ती यासाठी. दिलासा असा की वेळेत काढलेली बुरशी सहसा मागे कायमची खूण ठेवत नाही, खरखर बरीचशी जाते.

मिश्रण: ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बिनवासाच्या, बिनरंगी भांडी धुण्याच्या द्रवाचे चार-पाच थेंब. विहिरीचं पाणी कितीही नितळ असलं तरी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरीत क्षार असतात आणि ते सुकल्यावर खोबणीतच राहतात. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी चालतं, पण त्यात अ‍ॅसिड मिसळलेलं नाही याची बाटलीवर खात्री करा. सॅनिटायझर, फिनेल, डेटॉल यातलं काहीही नको, त्यांतल्या सुगंधाचा आणि ग्लिसरीनचा थर मागे उरतो. घरात आजोबांच्या वेळच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

पांढरा बुरा दिसत असेल तर काम अंगणात करा, तोंडाला मास्क लावा आणि कोरड्या ब्रशने मुळीच झाडू नका. त्याने बीजाणू घरभर आणि बाकीच्या संग्रहावर पसरतात. तबकडी स्वच्छ टॉवेलवर ठेवा, लेबलवर बशीएवढी प्लॅस्टिकची चकती धरा. एका बाजूला साधारण १५ मिलिलिटर मिश्रण ओता आणि दोन-तीन मिनिटं मुरू द्या, सुकू मात्र देऊ नका. मऊ, दाट केसांच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने, म्हणजे गोल फिरत, सहा-सात फेऱ्या मारा. मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्या. हेच एकदा पुन्हा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळून टिपा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि मग सुईच्या टोकावर पांढरट चिकट गोळा जमतो. तो साबण असतो. धुण्याचं फडकं आणि शेवटचं टिपण्याचं फडकं वेगळं ठेवा.

वाळवायला भांड्यांची तारेची जाळी चांगली, पण तारेला प्लॅस्टिकचं आवरण असू द्या. उन्हाळ्यात तासाभरात वाळते. पावसाळ्यात वरून कोरडी दिसली तरी खोबणीत ओल राहते, तेव्हा एसीच्या ड्राय मोडवर रात्रभर ठेवा. ती सोय नसेल तर धुणं ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकला आणि तोवर ती एलपी बाकीच्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. ओली तबकडी पाकिटात घालणं हे न धुण्याहून वाईट.

जुनं आतलं पाकीट टाकून द्या, त्यात बीजाणू असतातच. कव्हरावरची बुरशी कापसाच्या बोळ्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल घेऊन हलक्या हाताने टिपा, आधी मागच्या कोपऱ्यावर रंग उतरतो का बघून. चकचकीत छपाई बहुधा टिकते, खरखरीत कागदावरची उतरू शकते.

सीडी

सीडी पुसायची दिशा एलपीच्या नेमकी उलट. मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसताना चरा पडला तर तो माहितीच्या ओळीच्या दिशेने जातो आणि यंत्राला चूक दुरुस्त करायला वाव राहत नाही. सरळ चरा ओळीला आडवा जातो, तो बहुतेक वेळा भरून निघतो. छापील बाजू खालच्यापेक्षा नाजूक असते, धातूच्या थरावर तिथे फक्त लाखेचा पातळ लेप असतो. तिच्यावर बॉलपेनने नाव घालू नका, चिकटपट्टी लावू नका.

जुलैत सीडी अडकायला लागली तर आधी प्लेयरची लेन्स बघा. खाऱ्या दमट हवेने तिच्यावर धुकं बसतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिलचा एक थेंब घेऊन अलगद, न दाबता पुसा. अशा वेळी सीडीचा दोष नसताना लोक तीच घासत बसतात.

चकचकीत कागदाच्या पुस्तिकेची पानं ओलीत एकमेकांना चिकटतात, आणि चिकटून वाळल्यावर ओढली तर छपाई निघून येते. म्हणून पुस्तिका आणि सीडी एकाच कोरड्या डब्यात ठेवा. पुठ्ठ्याची घडीची डबी प्लॅस्टिकच्या डबीपेक्षा लवकर बुरसटते, तिला आधी जागा द्या. मोठ्या संचांमध्ये सीडीखाली स्पंजची चकती असेल तर काढून टाका, काही वर्षांत ती विरघळून सीडीला चिकटते.

फाइल

सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम वापरा. ‘सिक्युअर’ पद्धत निवडा आणि अ‍ॅक्युरेटरिप चालू ठेवा, म्हणजे तुमची नक्कल इतरांच्या नकलांशी ताडली जाते. फाइल फ्लॅकमध्ये करा, त्यात आवाज जराही न गमावता फाइल लहान होते. सीडीचा मूळ आवाज मिनिटाला साधारण १० मेगाबाइट, म्हणजे ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ६८० मेगाबाइटच्या आसपास. फ्लॅकमध्ये तो ४५० च्या आसपास बसतो. चौदाही अल्बम ६४ जीबीच्या कार्डात आरामात मावतात.

एमपी३ टाळायचं खास कारण ‘माय आर्म्स, युअर हर्स’. त्यातली गाणी एकमेकांत मिसळत जातात, आणि एमपी३ प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला व शेवटी बारीकशी रिकामी जागा जोडतं. अनेक प्लेयरवर तिथे ठसका लागतो. फ्लॅकमध्ये ती जागा नसते, तरी प्लेयरमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे का बघा.

फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा आणि मिक्सचं वर्ष शेवटी लिहा, नाहीतर २००२ आणि २०१५ चे ‘डिलिव्हरन्स’ एकमेकांवर लिहिले जातात. ‘इन कॉडा व्हेनेनम’चे दोन फोल्डर करा, भाषेच्या नावाने. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मधल्या पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, § ही खूण आणि क्रमांक आहे. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर त्या खुणेच्या जागी चौकोन दिसतो, म्हणून फाइलच्या नावात आधी ०१, ०२ असे आकडे घाला.

तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर कोरड्या डब्यात, एक मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे. डब्यातली डिस्क दर दोन-तीन महिन्यांनी जोडून चालवा. फ्लॅक फाइलच्या आतच मूळ आवाजाची एमडी५ खूण असते, तिच्याशी पडताळणी करणारी आज्ञा सगळ्या फोल्डरवर वर्षातून एकदा चालवली की बिघडलेली फाइल ऐकायच्या आधीच कळते. कोऱ्या सीडीवर कॉपी करून ठेवणं किनाऱ्यावर भरवशाचं नाही.

यंत्र

टर्नटेबलचं झाकण वाजवत नसताना बंद. मार्च-एप्रिलमधली लाल माती बारीक असते आणि सुईचं टोक झिजवते. सुई मागून पुढे, एकाच दिशेने पुसा. सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकात दिलं असेल तेवढंच ठेवा, सुई उडते म्हणून ते वाढवू नका. आधी तबकडी धुतली आहे का बघा. बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या ऐकू येत असतील तर कार्ट्रिजचा कोन चुकला असण्याची शक्यता जास्त.

एका बाजूचा स्पीकर अधूनमधून गप्प होत असेल तर मागच्या पिना काढून बघा. त्यांवर खाऱ्या हवेने काळपट थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना दोन-चारदा आत-बाहेर करा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. सतत घुमणारा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरला घट्ट बसली आहे का ते पाहा. ती ठीक असून आवाज फक्त उन्हाळ्यात वाढत असेल तर घराच्या अर्थिंगचा खड्डा सुकला असेल. जांभ्याच्या जमिनीत तो एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, बादलीभर पाणी ओतून फरक पडतो का बघा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात, तेव्हा बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा, आणि इंटरनेटची तांब्याची केबल संगणकाला जोडलेली असेल तर तीही.